भूकंपाला दिलेली बहीण

५ सप्टेंबर २०२३, मंगळवार

शिक्षक दिन. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी या दिवशी मी सकाळीच दाढी करून इस्त्रीचा सदरा घालतो आणि सपरीत खुर्ची टाकून बसतो. कोणी येईलच अशी आशा नसते. पण आलंच तर बनियनवर सापडू नये. दुपारपर्यंत कोणी फिरकलं नाही. सदरा काढता की आणखी वाट पाहता, असं उषाबाईंनी दोनदा विचारलं. बत्तीस वर्षं मी पोरांना गप्प बसवलं, पण आमच्या सौभाग्यवतींपुढे माझी छडी कधी चालली नाही.

चार वाजता ताराचंद आला. माझा जुना विद्यार्थी, मोहाडीत झेरॉक्सचं दुकान चालवतो आणि तिथल्या वाचक मंडळाचा चिटणीस आहे. येत्या ३० तारखेला किल्लारीच्या भूकंपाला तीस वर्षं होतात, त्या दिवशी मंडळात माझं व्याख्यान ठेवायचं त्याच्या मनात आहे. विषय तो कागदावर लिहूनच घेऊन आला होता: 'किल्लारीचा भूकंप आणि बदललेला समाज'. मी म्हटलं, अरे, मी काय अभ्यासक आहे? त्यावर तो म्हणाला, "सर, मदतीले तं लय लोक गेले होते. पन भूकंपाले बहीण देनारे आपल्या तालुक्यात तुमी एकटेच."

मी नको नको म्हणत होकार दिला. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

योगायोग असा की शकुन, माझी धाकटी बहीण, पोळ्याला येते आहे. तिचे यजमान, किल्लारीकडचे व्यंकटराव, फाल्गुनात गेले, त्यानंतर पहिल्यांदाच. व्याख्यानाचा विषय आपण होऊन घरी चालत येतो आहे म्हणायचा. तिच्याकडून भरपूर माहिती मिळेल.

१३ सप्टेंबर, बुधवार

शकुन दुपारी आली. फाट्यावर मी मोटारसायकल घेऊन उभाच होतो. हातात एक पिशवी, कपाळ मोकळं. पंचावन्न वय म्हणजे काही म्हातारपण नव्हे, पण केस सगळे पांढरे झाले आहेत. उषाबाई तिला पाहून रडल्या. ती रडली नाही. आधी पाणी मागितलं आणि मग पोळ्याची तयारी कुठवर आली ते विचारलं.

जेवायला भात, वरण, भाजी. तिने चार घास खाल्ले आणि घरात ज्वारीचं पीठ आहे का म्हणून विचारलं. भाकरीशिवाय आता पोट भरत नाही म्हणे. झाडीपट्टीतली पोर, धानाच्या बांधीत वाढलेली, आणि तिला भाताने पोट भरत नाही. मी थट्टा केली. मग मला आमचा तांदूळ आठवला.

ऑक्टोबर ९३ मध्ये आम्ही इथून सतरा जण टेम्पो घेऊन गेलो होतो. लातूर-उस्मानाबादकडची ती गावं दगडमातीची, घरांवर मातीचं जाड माळवद. पहाटे चारच्या सुमारास ते सगळं झोपलेल्या माणसांवर बसलं होतं. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. आम्ही धानवाले, आम्ही न्यायचं ते तांदूळच नेणार. एकशे दहा पोती. तिथे गेल्यावर कळलं की माणसं भाकरी खाणारी, आणि भात शिजवायला कोणाकडे एक पातेलंही उरलेलं नाही. पोती तशीच तंबूत रचून ठेवली. हा किस्सा मी पुष्कळ वेळा सांगितला आहे, लोक हसतात.

आज शकुनने त्यात भर घातली. त्यातलं एक पोतं तिच्या सासूने राखून ठेवलं होतं. पुढच्या वर्षी झाडीची सून घरात आली तेव्हा तिच्या कौतुकासाठी पहिल्या दिवशी तोच भात रांधला. किडे झाले होते त्याला. सासू समोर बसून होती, म्हणून हिने निवडत निवडत सगळा खाल्ला. हे सांगून ती हसली. उषाबाई हसल्या नाहीत.

१६ सप्टेंबर, शनिवार

पोळा, तान्हा पोळा दोन्ही झाले. आज वही-पेन घेऊन शकुनसमोर बसलो आणि विचारलं, भूकंपामुळे तिथल्या समाजाची विचारसरणी कशी बदलली? ती म्हणाली, "भाऊ, तुमी इन्स्पेक्शनले आले का?"

पण बोलली पुष्कळ. जुनं गाव भिंतीला भिंत लागून होतं, या घरातून हाक मारली की चौथ्या घरी ऐकू जायची. नवीन गाव दोन किलोमीटरवर, रुंद रस्ते, घरांना नंबर. तिची सासू स्वतःचं घर विसरायची, शेतातून आली की पोरांना विचारत फिरायची. मीठमिरची उसनी मागायला कोण तेवढं लांब जाणार? पक्की घरं मिळाली, पण पहिली काही वर्षं आत कोणी झोपत नव्हतं. खाटा अंगणात. थंडीपावसात आत झोपावं लागलं तरी दाराला कडी कोणी लावायचं नाही. शकुन स्वतः भूकंपात नव्हती, तरी तिलाही ती सवय लागली. इथेही ती कडी लावत नाही आणि उषाबाई उठून लावतात.

बायकांचं मात्र वेगळं झालं. घरं बांधताना सरकारी बाई यायच्या, त्यांनी बायकांनाच जमवून सिमेंट-वाळूचं माप, खिडकीच्या वरचा पट्टा, हे सगळं शिकवलं. डोक्यावरून पदर न ढळू देणाऱ्या बायका परांचीवर चढून गवंड्याला सुनावू लागल्या. शकुन त्यांच्यात पुढे होती. मी वहीत 'महिला सक्षमीकरण' असं लिहून खाली रेघ मारली.

आणि दहा-बारा वर्षांनी लोकांनी जुन्या गावातले दगड ट्रॅक्टरने आणून त्यांच्या गोठ्याच्या भिंती बांधल्या. मी विचारलं, त्याच दगडांच्या, ज्यांनी माणसं मारली? ती म्हणाली, दगडाचा राग किती दिवस धरायचा. वाक्य चांगलं आहे. व्याख्यानात वापरेन, माझ्याच नावावर.

१८ सप्टेंबर, सोमवार

धान निसवतंय. तळ्याकडच्या बांधीत तुडतुडा दिसला, फवारणी करायला हवी. बाकी काही नाही.

२१ सप्टेंबर, गुरुवार

दोघी सपरीत वाल सोलत होत्या, मी आतल्या खोलीत मुद्दे काढत होतो. पडद्याआडून ऐकणं बरं नव्हे, पण पेन थांबलं.

शकुन सांगत होती की भूकंपात ज्यांची लेकरं गेली त्यांतल्या कितीक बायकांची नसबंदीची ऑपरेशनं आधीच झालेली होती. त्यांना पुन्हा दवाखान्यात नेऊन ती ऑपरेशनं उलटी करून आणली. कोणाला मूल झालं, कोणाला नाही झालं. ज्यांना नाही झालं त्यांच्या सासरी काय काय बोललं गेलं, तेही तिने सांगितलं. हे काही सभेत सांगण्यासारखं नाही, समोर बायाबापड्या असतात.

मग ती म्हणाली की तिच्या गावात त्या एका वर्षात आठ नव्या सुना आल्या, सगळ्या लांबलांबच्या, गरीब घरच्या. विधुर झालेल्या पुरुषांची वर्षाच्या आत लग्नं लागली. आणि व्यंकटरावांची धाकटी बहीण सुमन, बाविसाव्या वर्षी नवरा आणि तान्हं मूल गमावून भावाकडे परत आली, ती आजपर्यंत तशीच आहे. तिच्यासाठी कोणी दार ठोठावलं नाही. शकुनने लग्नानंतर पहिल्याच वर्षी नवऱ्याजवळ विषय काढला होता, तर ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

एवढ्यात मी खोकलो. शकुनने बाहेरूनच आवाज दिला.

"भाऊ, तुमी सतरा जन गेले होते ना मदतीले. त्यातले पाच-सहा तं बिनलग्नाचे होते. आमच्या सुमनबाईसाठी कोनाच्या मनात आलं का?"

मी म्हटलं, तो काळ वेगळा होता. ती म्हणाली, "काळ तं एकच होता. मले देल्लं तोच काळ."

माझ्या टाचणात एक मुद्दा होता: 'पुनर्विवाहाकडे पाहण्याची निकोप दृष्टी'. तो खोडला. पुन्हा लिहिला. तूर्त प्रश्नचिन्ह करून ठेवला आहे.

२३ सप्टेंबर, शनिवार

उषाबाईंनी सकाळी चहा देता देता सांगितलं. शकुनने त्यांना विचारलं आहे की मी इथेच राहिले तर चालेल का? मागची खोली रिकामीच आहे. बालाजी, तिचा सावत्र मुलगा, पुण्याला नोकरीत आहे, बायकोपोरं तिकडेच. तो वाईट नाही, फोन करतो. तिची स्वतःची मुलगी राणी सोलापूरला दिली. त्या घरात आता उरल्या ती आणि सुमन.

मी लगेच म्हटलं, विचारायचं काय त्यात, तिचंच घर आहे. उषाबाई म्हणाल्या, "हे तिले सांगा. मले सांगून काय होते?"

सांगणार आहे. व्याख्यान एकदा होऊन जाऊ दे.

राणी हे नाव लिहिताना एक गोष्ट आठवली. व्यंकटरावांची पहिली बायको रुक्मिण आणि तीन वर्षांची मुलगी राणी, दोघी भूकंपात गेल्या होत्या. शकुनचं लग्न लागलं तेव्हा तांदळावर तिचं नवं नाव लिहिलं गेलं ते रुक्मिण. पाच वर्षांच्या बालाजीला आईच्या नावाची आई मिळाली. पुढे शकुनला मुलगी झाली तर तिचं नाव राणीच ठेवलं. मला तेव्हा हे फार हृद्य वाटलं होतं. लग्नानंतर तालुक्याला माझा सत्कार झाला, हुंडा न घेणाऱ्या भूकंपग्रस्त विधुराला बहीण दिली म्हणून शाल-श्रीफळ मिळालं, तेव्हा भाषणात मी आईच्या नावाच्या आईचं हे सांगितलं आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले होते.

आज दुपारी शकुनला विचारलं, तुला ते नाव आवडलं होतं का? म्हणाली, पहिली दोन-तीन वर्षं कोणी हाक मारली की आपण मागे वळून पाहायचो, ती आली की काय म्हणून. आणि बालाजी तिला रुक्मिण म्हटलेलं ऐकलं की रडायचा. शेवटी तो तिला शकुनआई म्हणायला लागला. घरात त्या नावाने तो एकटाच हाक मारत असे.

हे मला एकोणतीस वर्षांत माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

२५ सप्टेंबर, सोमवार

आज शेजारच्या तेजरामच्या नातवाला विळा लागला, अंगठ्याजवळ खोल. रक्त थांबेना. शकुनने हात धुतले, पोराचा हात वर धरून कपड्याने दाबून बांधला, त्याच्याशी गाईवासरांच्या गोष्टी करत राहिली आणि मगच मोटारसायकलवर दवाखान्यात धाडला. तिथे डॉक्टर म्हणाले, बांधलं कोणी, नर्स आहे का गावात? तेजराम हे कौतुकाने सांगायला आला. शकुन म्हणाली, तिकडे हेच करते. उपकेंद्रातल्या नर्सबाई बाळंतपणाला हिलाच सोबत नेतात.

उषाबाईंनी सहज विचारलं, "तुमी तं तवा नर्सिंगचा फारम भरला होता ना, शकुनबाई?"

ती म्हणाली, "भरला होता वहिनी. नंबर नाई लागला."

मी उठून बांधीकडे गेलो. बराच वेळ धुऱ्यावर बसलो.

आता इथे लिहून टाकतो. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. शकुनचा नंबर लागला होता. नर्सिंगच्या ट्रेनिंगचं बोलावणं तिच्या नावाने आलं होतं. पोस्टमन चौकात भेटला, सहज माझ्या हाती दिलं. मी ते घरी नेलं नाही. तळ्यावर जाऊन फाडलं आणि टाकून दिलं. पण तेव्हा व्यंकटरावांकडचे पाहुणे येऊन गेले होते, साक्षगंध झालं होतं, मी शब्द दिला होता. ज्या माणसाचं घर एकदा कोसळलं त्याचं जमलेलं लग्न मोडायचं कसं? शिवाय तेव्हा नर्स झालेल्या मुलीबद्दल लोक काय काय बोलत. मी दोघांचंही भलं पाहिलं.

असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. आज त्या पोराचा हात बांधताना तिची बोटं पाहिली आणि ते पुरेसं वाटलं नाही. मला वाईट वाटतं. फार वाईट वाटतं. हे तिला सांगितलं पाहिजे, ती इथे राहायचं ठरवण्याआधी.

२७ सप्टेंबर, बुधवार

दोन दिवस संधी शोधतो आहे. काल ती तुळशीपाशी एकटी होती. मी जवळ गेलो आणि मोटर किती वाजता सुरू करायची ते विचारून परत आलो. आज ती कपडे वाळत घालत होती तर मी चिमटे धरून उभा राहिलो. तिला वाटलं मदत करतोय.

दुपारी एक विचार आला आणि मन एकदम हलकं झालं. हे मी व्याख्यानातच सांगेन. भूकंपाने समाज बदलला म्हणायचं आणि आपण मात्र कोरडं राहायचं, हे बरोबर नाही. चार लोकांसमोर चूक कबूल करायला छाती लागते. घरात सांगितलं तर ते घरातच राहील. सभेत सांगितलं तर तिला न्याय मिळेल, आणि तीही समोर बसलेली असेल. भाषणाचा शेवट मला सापडत नव्हता, तोही सापडला.

३० सप्टेंबर, शनिवार

व्याख्यान झालं. सभागृह भरलं होतं, ऐंशी-नव्वद माणसं सहज. ताराचंदने परिचयात मला 'कर्ते सुधारक' म्हटलं. पहिला अर्धा तास तांदळाची पोती, रुंद रस्ते, न लावलेल्या कड्या, परांचीवर चढलेल्या बायका, सगळं रंगलं. दगडाच्या वाक्याला टाळी पडली.

मग मी थांबलो, पाणी प्यालो आणि सांगितलं. पत्र, चौक, तळं. "मी शब्दात अडकलो होतो," असं म्हटलं. "एका उद्ध्वस्त घराला दिलेला शब्द पाळण्यासाठी मी माझ्या बहिणीचं स्वप्न तळ्यात बुडवलं. आज तुम्हां सर्वांसमक्ष मी तिची क्षमा मागतो." माझा आवाज भरून आला, तो खोटा नव्हता.  नंतर माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. निवृत्त तहसीलदारांनी येऊन मिठी मारली, म्हणाले, असं कबूल करायला वाघाचं काळीज लागतं.

शकुन बायकांच्या रांगेत दुसऱ्या खुर्चीवर होती. सगळे वळून तिच्याकडे पाहत होते. ती खाली मांडीवरच्या पिशवीकडे पाहत होती. तिला भरून आलं असावं. एका बाईंनी तिला माझ्यासोबत फोटोसाठी उभं केलं, तेव्हा ती उभी राहिली.

 येताना रिक्षात उषाबाई रस्ताभर बाहेरच पाहत होत्या. दमल्या असतील. मला मात्र तीस वर्षांचं ओझं उतरल्यासारखं झालं आहे.

१ ऑक्टोबर, रविवार

काल मी काय लिहिलं ते वाचलं. फाडणार नाही. पत्र फाडणाऱ्याने वही तरी फाडू नये.

सकाळी शकुन सपरीत आली आणि माझ्यासमोर खाली बसली. उषाबाई चुलीपाशी होत्या. मी म्हटलं, मागची खोली आज झाडून घेतो, तुझी खाट तिकडे टाकू. तिने ऐकलंच नाही. म्हणाली,

"तुमी हे त्या लोकाईले काहून सांगतलं, भाऊ? मी घरीच होती. सतरा दिवस घरीच होती."

मी म्हटलं, मला धीर होत नव्हता. ती म्हणाली, नव्वद लोकांपुढे झाला आणि माझ्यापुढे नाही झाला? तिचा आवाज चढला नव्हता. तांदूळ निवडताना बोलावं तसं बोलत होती. कालच्या बायांनी तिला विचारलं म्हणे, तुम्ही माफ केलं का भावाला? इतक्या जणींसमोर ती दुसरं काय म्हणणार होती?

मग थोडं थांबून तिने विचारलं, पत्र कोणत्या तारखेला आलं होतं?

मी तोंड उघडलं आणि खरी तारीख बाहेर पडली. ती तारीख मला रोजच्या जेवणाच्या वेळेसारखी पाठ आहे. "वीस मे."

तिने बोटांवर काही मोजलं नाही. म्हणाली, "साक्षगंध मिरगाच्या आदल्या दिवशी झालं. सहा जूनले. पाहुने पहिल्यांदा आले तेच त्याच्या चार दिवस अगोदर."

मी सदऱ्याचं बटण लावू लागलो.

"मंग तं तुमी शब्द बी नव्हता देल्ला."

चुलीवर दूध उतू गेल्याचा वास आला. उषाबाई तिथेच उभ्या होत्या, त्यांनी पातेलं उतरवलं नाही.

ती अंगणात गेल्यावर मी वही काढून २५ तारखेचं पान पाहिलं. तिथेही मी साक्षगंध झालं होतं असंच लिहिलं आहे. कोणी वाचत नाही त्या वहीतसुद्धा. वीस मेला पाहुणे अजून यायचेच होते. मीच एप्रिलमध्ये व्यंकटरावांच्या चुलत्याला पत्र टाकलं होतं, की मुलगी आहे, येऊन पाहून जा. त्यांनी नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. शकुनने नाही म्हटलं असतं तर आईने ऐकलं असतं. शब्द मी कोणालाच दिला नव्हता. ढिगाऱ्यापाशी पोराला मांडीवर घेऊन बसलेला व्यंकट पाहून आलो होतो आणि त्याला काहीतरी द्यावं असं इतकं मनात भरलं होतं की तांदळाची पोती मला लाजिरवाणी वाटत होती. माझ्याकडे देण्यासारखं काय होतं? घरात एक बिनलग्नाची बहीण होती.

दुपारी ताराचंदचा फोन आला. वाचक मंडळाच्या दिवाळी पुस्तिकेत भाषण छापायचं म्हणतो, शेवटच्या भागासकट. मी म्हटलं, छापू नकोस. त्याला वाटलं मी विनय दाखवतोय.

२ ऑक्टोबर, सोमवार

ती उद्या जाते आहे. मी अडवलं. म्हटलं, हे घर तुझं आहे, शेतातला वाटा तुझा आहे, हवं तर उद्याच तलाठ्याकडे जाऊ. ती म्हणाली, वाट्याचं कागदावर करा, मी सही करायला येईन, नाही म्हणणार नाही. पण राहणार नाही.

"इथं राह्यली तं तुमी रोज माह्याकडे पाहून चांगले होत जासान, भाऊ. तिकडं मी कोनाचं पुन्य होती, इथं तुमचं प्रायश्चित्त होऊन राहीन. मले आता नुसतं राहाचं हाये. सुमनबाई एकटी हाये, ती मले काई मागत नाई."

उषाबाईंनी तिच्यासाठी चिवडा केला. ज्वारीच्या भाकरीही बांधल्या. या पंधरा-वीस दिवसांत त्यांना थापता यायला लागल्या आहेत. माझ्याशी मोजकंच बोलतात. 

३ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी तिला घेऊन भंडाऱ्याच्या स्टँडवर गेलो. तिथून नागपूर, पुढे लातूरची गाडी. नागपूरची बस फलाटावर लागलेलीच होती, सुटायला वीस मिनिटं होती.

मी आत चढून रुमाल टाकून खिडकीची जागा धरली. पिशवी वर ठेवली. उतरून पाण्याची बाटली आणली, मग केळी आणली. कंडक्टरला सांगितलं, बाई एकट्या आहेत, नागपूरला लातूरची गाडी दाखवून द्या. तो म्हणाला, काका, त्यांना माहीत असेल. मी खिडकीखाली उभा राहून ऊन कसं वाढलं आहे, धान कापणीला यंदा माणसं मिळतील की नाही, असं बोलत राहिलो. ती हं, हं म्हणत होती. मध्येच दोनदा बोलायची थांबून माझ्याकडे नीट पाहत राहिली, जणू मी काही बोलणार आहे म्हणून. मी घड्याळ पाहिलं. बस निघाली तेव्हा तिने हात हलवला.

घरी आलो. उषाबाईंनी पाण्याचा पेला हातात दिला आणि विचारलं, "तिले म्हटलं का तुमी, चुकलं म्हनून?"

मी सांगितलं की बसला फार गर्दी होती.

गर्दी नव्हती. निम्मी बस रिकामी होती आणि माझ्याकडे वीस मिनिटं होती.